चाळीस एकरांचा हिशोब: पिंपळे सौदागरच्या दप्तराची केस

पिंपळे सौदागर म्हटलं की आज पुणे-चिंचवडच्या माणसाच्या डोळ्यासमोर कोकणे चौक येतो, उंच सोसायट्या येतात आणि रविवारी संध्याकाळी हॉटेलांपुढे लागलेल्या गाड्या येतात. पण ज्यांनी बी.ए.ला किंवा एमपीएससीसाठी शेतीचं अर्थशास्त्र घोकलंय त्यांनी हे नाव भलत्याच ठिकाणी वाचलेलं असतं, जमिनीच्या तुकडीकरणाच्या धड्यात. तिथं चार आकडे असतात. या गावात एका खातेदाराकडे सरासरी जमीन १७७१ साली ४० एकर होती, १८१८ साली साडेसतरा, १८२० ते १८४० च्या दरम्यान १४, आणि १९१४-१५ साली ७ एकर. परीक्षेत एवढं लिहिलं की मार्क मिळतात.

हे आकडे शंभर वर्षं झाली या पुस्तकातून त्या पुस्तकात उतरत आलेत आणि मला कायम एकच प्रश्न पडायचा, की १९१५ च्या आसपास काम करणाऱ्या माणसाला १७७१ सालचा एका छोट्याशा गावाचा आकडा मिळाला कसा? पुणे शहराचा नाही, एखाद्या सरदाराच्या जहागिरीचा नाही, पवनेच्या काठच्या हजारभर एकरांच्या गावाचा. उत्तर सरळ आहे, कागद होते म्हणून मिळाला. पण ते कुठले कागद, कुणी आणि कशासाठी लिहिलेले, त्यांच्यावर किती विसंबायचं, आणि १९१५ नंतरचे तसले कागद आज कुणाच्या ताब्यात आहेत, हे सगळं धरलं तर ही एका गावाची केस बऱ्याच गावांना लागू पडते. म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

मॅनसाहेबांचा सर्व्हे

हे आकडे काढणारा डॉ. हॅरॉल्ड मॅन हा मुळात रसायनशास्त्राचा माणूस. आधी कलकत्त्यात चहावाल्यांच्या असोसिएशनसाठी संशोधन करायचा, १९०७ साली पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचा प्राचार्य म्हणून आला आणि पुढे मुंबई इलाख्याचा शेतीखात्याचा डायरेक्टर झाला. इंग्लंडमध्ये असताना त्यानं बेडफर्डशायरमधल्या रिजमाँट नावाच्या खेड्यात घरोघर जाऊन कुणाच्या घरात किती येतं, किती जातं याची पाहणी केली होती, तीच पद्धत तो इथं घेऊन आला. कॉलेजातल्या सहकाऱ्यांना घेऊन पिंपळे सौदागर निवडलं आणि १९१७ साली 'लँड अँड लेबर इन अ डेक्कन व्हिलेज' हे पुस्तक काढलं, मुंबई विद्यापीठाच्या अर्थशास्त्र मालेतलं पहिलं. नंतर १९२१ ला दुसरा भाग आला तो शिरूरकडच्या जातेगाव बुद्रुकचा, म्हणजे कोरडवाहू गावाचा.

पिंपळे सौदागरमध्ये त्यानं १०३ कुटुंबांची तपासणी केली. नुसत्या शेतीवर व्यवस्थित भागतंय अशी कुटुंबं निघाली ८. बाहेरचं काम धरून कसंबसं जमतंय अशी २८. आणि कशानंच भागत नाही अशी ६७. बाहेरचं काम म्हणजे काय हे कळायला नकाशा बघावा लागतो, खडकीची छावणी जवळ, तिथला दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा, शिवाय पुणे शहर हाकेच्या अंतरावर. म्हणजे हे गाव शहराच्या मजुरीवर तेव्हाच अवलंबून व्हायला लागलं होतं, महापालिका यायच्या किती तरी आधी.

जमिनीचं चित्र असं होतं की १५६ मालक आणि सातशेच्या वर तुकडे, त्यातले ४६३ एका एकराच्या आतले आणि ११२ तर पाव एकरापेक्षाही लहान. पाव एकर म्हणजे १० गुंठे. आज कुणी एक-दोन गुंठ्यांचा प्लॉट घेतला की लोक म्हणतात शहर आलं आणि जमिनीचे तुकडे झाले, पण दहा गुंठ्यांचे तुकडे १९१५ सालीही होते, फक्त त्यात ज्वारी पेरली जात होती.

या पुस्तकानं वादाला चांगलंच इंधन दिलं. तुकडे थांबवायचे की एकत्र करायचे यावर इलाख्यात बरीच वर्षं घमासान झालं, १९१८ साली डॉ. आंबेडकरांनी लहान धारणक्षेत्रांवर निबंध लिहून मांडलं की धारणक्षेत्र लहान की मोठं हे नुसत्या एकरांवर ठरत नाही, हाताशी अवजारं, बैल, भांडवल किती यावर ठरतं, आणि शेतीवर पडलेला जादा माणसांचा भार उद्योगांकडे वळवल्याशिवाय हा प्रश्न सुटणार नाही. १९२७ चं लहान धारणक्षेत्रांचं बिल विरोधामुळं बारगळलं आणि शेवटी १९४७ ला तुकडेबंदी कायदा आला, ज्याच्या नावानं आजही तहसील कचेरीत माणसं हेलपाटे घालतात.

१७७१ चा कागद कसा असतो

आता मूळ मुद्द्याकडे येतो. माधवराव पेशव्यांच्या काळातल्या गावाचा महसुली कागद ज्यांनी कधी बघितला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. कागद लांबट, हातानं बनवलेला, घडीवर झिजलेला. वर मौजे अमुक, तर्फ अमुक, प्रांत पुणे, आणि मग साल. साल आकड्यात असेलच असं नाही. १७७१-७२ चा कागद असेल तर 'सुहूर सन इसन्ने सबैन मया व अलफ' असं लिहिलेलं सापडतं, म्हणजे दोन, सत्तर, शंभर आणि हजार, एकूण ११७२, त्यात ५९९ मिळवले की आपलं १७७१ येतं. कधी शके १६९३ खरनाम संवत्सर असंही असतं. खाली नावं, नावापुढं जमीन आणि आकार, सगळं मोडीत, एका ओळीत सुरू झालेलं अक्षर लेखणी न उचलता शेवटापर्यंत पळत गेलेलं. सवय नसेल तर पहिला दिवस फक्त 'बिघे' आणि 'रुपये' हे दोन शब्द ओळखण्यात जातो, पण एकदा नजर बसली की पानच्या पान वाचता येतं कारण कारकुनांची ठेवण ठरलेली असते.

जमीन चाहूर, बिघे, पांड, काठी अशी मोजलेली. वीस काठ्यांचा पांड, वीस पांडांचा बिघा, एकशेवीस बिघ्यांचा चाहूर. शिवाराचे मोठे भाग म्हणजे थळं, आणि थळ बहुतेकदा मूळ घराण्याच्या नावानं. त्या घराण्यातले थळकरी म्हणजे मिरासदार, जमिनीचे वंशपरंपरागत हक्कदार, आणि एखादं घराणं संपलं किंवा परागंदा झालं की त्यांची जमीन 'गतकुळ' म्हणून वेगळी लिहायची. मला या कागदांत सगळ्यात जास्त धरून ठेवणारी गोष्ट ही गतकुळाची नोंद वाटते, कारण गाव सोडून गेलेल्या, वंश बुडालेल्या माणसांचं नाव दुसरीकडे कुठेच उरत नाही, ना देवळाच्या शिलालेखात ना कुणाच्या आठवणीत, पण कुळकर्ण्यानं जमाखर्च जुळवायला ते लिहून ठेवलं म्हणून अडीचशे वर्षांनी आपल्याला कळतं की इथं असं एक घर होतं.

असे कागद टिकले ते दोन ठिकाणी. एक गावात, कुळकर्ण्याच्या घरी, माळ्यावर नाहीतर देवघराशेजारच्या पेटीत, आणि दुसरे हुजूर दफ्तरात, म्हणजे पेशव्यांच्या सरकारी दफ्तरात, पुण्यात. १८१८ ला पेशवाई गेली, एलफिन्स्टन कमिशनर झाला, आणि इंग्रजांनी पेशवे दफ्तर ताब्यात घेतलं ते इतिहासाच्या प्रेमानं अर्थातच नव्हे, कुणाचं इनाम खरं, कुणाचं वतन कुठवर, कुठल्या गावाचा वसूल किती हे त्याशिवाय कळणार नव्हतं. १८५० च्या दशकातल्या इनाम कमिशननं जहागिरदार-इनामदारांकडून सनदा मागवल्या, लोकांचा संताप ओढवून घेतला, पण त्या निमित्तानं आणखी कागद सरकारात जमा झाला. पुढे हे सगळं एलिनेशन ऑफिस नावाखाली राहिलं, १८९१ साली त्याच्यासाठी दगडी इमारत उभी राहिली, तेच आजचं पुणे पुराभिलेखागार. रुमाल साधारण ३९ हजार, आणि कागद मोजायचे तर कोटींत. रुमाल म्हणजे कापडात बांधलेलं गाठोडं, एकेकात शेकडो कागद.

इथं मला एक गोष्ट मनापासून खटकते ती लिहूनच टाकतो. १९३० ते १९३४ मध्ये रियासतकार सरदेसायांनी पेशवे दफ्तरातले निवडक कागद ४५ खंडांत छापले, ते प्रचंड काम आहे आणि त्यांच्यामुळेच आपल्याला बरंच काही घरबसल्या वाचायला मिळतं. पण निवड मुख्यतः राजकारणाची, मोहिमांची, पत्रव्यवहाराची. आपल्याकडं इतिहास म्हटलं की पानिपत, खर्डा, आष्टी. गावोगावच्या जमाबंदीचे, ताळेबंदांचे, पाहणी खर्ड्यांचे रुमाल त्या मानानं कमीच उघडले गेले. जपानी अभ्यासक हिरोशी फुकाझावा आणि हिरोयुकी कोतानी यांनी आपल्या खेड्यांच्या पाटील-कुळकर्णी, बलुतेदार, वतन या गोष्टींवर मूळ मराठी कागद वाचून काम केलं, इतक्या लांबून येऊन मोडी शिकून केलं, आणि आपल्या गावच्या पोरांना आपल्या गावाचा रुमाल पुण्यात आहे हेही माहिती नसतं.

४० एकर म्हणजे नक्की किती?

आकडा आला कुठून ते कळलं, आता तो किती खरा ते बघू. १९१५ ला १५६ मालक आणि सरासरी ७ एकर, म्हणजे गुणाकार केला तर गावाची जमीन १,०९० एकरांच्या आसपास. गावाचं शिवार तेवढंच राहिलं असं धरलं तर १७७१ ला ४० एकर सरासरीनं २७ नावं होतात, १८१८ ला ६२, आणि १८२०-४० मध्ये ७८. हा हिशोब माझा, मोटामोटी, पण त्यानं चित्र स्वच्छ होतं.

आता बघा, सगळ्यात मोठी घसरण कधी झाली? १७७१ ते १८१८. सत्तेचाळीस वर्षांत सरासरी निम्म्याहून खाली आली. त्यानंतर १४ वरून ७ वर यायला पाऊणशे वर्षांवर लागली. पुस्तकात सर्रास लिहितात की इंग्रजांचा वारसा कायदा, खाजगी मालकी, लोकसंख्या यामुळं तुकडे झाले, आणि पुरावा म्हणून हाच तक्ता देतात, तर या तक्त्यातली सर्वात तीव्र घट इंग्रज यायच्या आधीची आहे. तक्ता खाली छापायचा आणि वर त्याच्याशी न जुळणारं वाक्य लिहायचं हे इतकी वर्षं चाललंय.

पण घाईनं उलटं टोकही गाठू नये. मधल्या काळात पुण्याभोवती काय झालं ते आठवा. १८०२ ला हडपसरची लढाई, होळकरांची स्वारी, १८०३-०४ चा भयानक दुष्काळ, मग दुसऱ्या बाजीरावाच्या काळातले महसुलाचे मक्ते. या उलथापालथीत जमिनी हस्तांतरित झाल्या असणार, घराणी मोडली असणार. शिवाय बिघ्याचं एकर करताना किती धरायचे हाही प्रश्न, कारण बिघ्याची काठी सगळीकडं सारखी नव्हती. आणि सगळ्यात मोठी अडचण म्हणजे दोन वेळेला एकच गोष्ट मोजली गेली का? अठराव्या शतकातल्या कागदावर नाव असतं ते सरकाराला जबाबदार असलेल्या माणसाचं, बहुधा घरातला कर्ता. त्याच्यामागं चार भाऊ, त्यांची मुलं आपापल्या वाट्याची जमीन वेगळी कसत असतील तरी कागदावर एकच नाव. १९१४-१५ ची गोष्ट निराळी, कारण मुंबई इलाख्यात १९०३ साली हक्कनोंदणीचा कायदा झाला आणि १९१३ ला तो जमीन महसूल कायद्यात घेतला, तेव्हापासून वाटेकऱ्यांची, वारसांची नावं नोंदवायला सुरुवात झाली. म्हणजे एका टोकाला कर्ता मोजलाय आणि दुसऱ्या टोकाला वाटेकरी, तर घट जेवढी दिसते तेवढी प्रत्यक्षात नसणार असं माझं मत आहे. घट झाली यात शंका नाही, किती झाली यात आहे.

हे पटायला लांब जायची गरज नाही, आपल्याच घरचा जुना सात-बारा काढा. १९३०-४० च्या दरम्यानच्या उताऱ्यावर आजोबा-पणजोबांच्या नावापुढं 'ए.कु.मॅ.' किंवा 'ए.कु.क.' असा शेरा हमखास सापडतो, एकत्र कुटुंब मॅनेजर, एकत्र कुटुंब कर्ता. त्या एका नावाखाली किती माणसं आहेत ते उतारा सांगत नाही. ते कळायला फेरफार बघावा लागतो, म्हणजे गाव नमुना ६, ज्यात 'अमुक मयत, वारस मुलगे तीन, मुलगी एक, विधवा पत्नी' असं उघडून लिहिलेलं असतं, लहान मूल असेल तर 'अ.पा.क.', म्हणजे अज्ञान पालनकर्ता, म्हणून आई नाहीतर चुलता. कित्येक घरांत बहिणींचं नाव पहिल्यांदा आणि शेवटचं तिथंच येतं. आणि हीच ओळ धरून आज दिवाणी कोर्टात वाटपाचे दावे उभे राहतात, तेव्हा हे कागद निव्वळ अभ्यासकांच्या हौसेचे आहेत असं कुणी समजू नये.

मोजणीतून कोण सुटलं हाही प्रश्न राहतो. मिरासी हक्क नसलेली उपरी कुळं, बलुतेदार, आणि गावकुसाबाहेरची वस्ती सरासरी एकरांच्या तक्त्यात दिसत नाही. महार वतनाची, म्हणजे गावच्या चाकरीबद्दल मिळालेली हाडकी-हाडवळ्याची जमीन, तिच्यावरचे हक्क आणि राबणूक यांचे कागद वेगळ्या गठ्ठ्यांत असतात. हलकी वतनं कायद्यानं रद्द झाली १९५९ पासून, तेव्हाच्या वतनाच्या नोंदी, पुन्हा जमीन मिळाल्याचे आदेश, नजराण्याच्या पावत्या या त्या घरांच्या इतिहासाचा पहिला लेखी पुरावा असतात. गावाचा इतिहास लिहायला बसलेल्या माणसानं पाटलांच्या वाड्यातली सनद आधी आणि हे नंतर असं करू नये, उलट हे आधी गोळा करावं कारण ते जपायला कुणाकडं वाडा नव्हता.

नगर रोडवरचं लोणीकंद

तुलनेसाठी एक दुसरं गाव घेतो कारण त्याशिवाय पिंपळे सौदागरची केस पुरी होत नाही. थॉमस कोट्स नावाच्या इंग्रज डॉक्टरनं लोणीकंदची बारकाईनं पाहणी केली, त्यावरचा निबंध १८२० साली मुंबईच्या लिटररी सोसायटीत वाचला गेला आणि १८२३ ला छापला. कोरेगाव भीमाची लढाई झाली ते ठिकाण तिथून जवळ, आणि लढाईला जेमतेम दोन वर्षं झालेली. त्यात शिवार ३,६६९ एकर, त्यातलं पिकाखाली येणारं १,९५५, थळांची व्यवस्था, घरातली भांडीकुंडी, कपडेलत्ते, खाणंपिणं, सगळं आहे. आणि कर्ज: शेतकऱ्यांच्या ८४ कुटुंबांपैकी ७९ कर्जात, एकूण रक्कम १४,५३२ रुपये. पुढे १८७५ च्या दंग्यांची, म्हणजे सावकारांच्या वह्या जाळल्या गेल्या त्या उठावाची, चौकशी झाली तेव्हा हा जुना आकडा कामाला आला, कारण कर्जबाजारीपणा इंग्रजी अमलातच जन्मला का आधीपासून होता हा प्रश्न त्यानं निदान नीट विचारता आला. कोट्सच्या पाहणीनंतर सव्वाशे वर्षांनी समाजशास्त्रज्ञ डॉ. घुर्यांनी त्याच गावात जाऊन पुन्हा अभ्यास केला, १९६० ला पुस्तक आलं. त्याच वर्षी पी. डी. दिसकळकरांचा पिंपळे सौदागरच्या फेरपाहणीचा ग्रंथही आला.

दोन्ही गावं पुणे जिल्ह्यातली, दोन्हींची पुन्हा पाहणी झाली, पण फरक महत्त्वाचा आहे. कोट्सनं डोळ्यांनी बघितलं ते लिहिलं, त्याच्या आधीचं फारसं नाही. मॅननं डोळ्यांनी बघितलंच आणि शिवाय मागचे दीडशे वर्षांचे कागद उलगडले. एखादा हुशार निरीक्षक नशिबानं गावाला मिळतो, नशिबात नसेल तर नाही मिळत. कागद मात्र महाराष्ट्रातल्या जवळजवळ प्रत्येक गावाचे कुठं ना कुठं आहेत, फक्त जोडून वाचले गेलेले नाहीत.

१९१५ नंतरचं काय?

विचित्र परिस्थिती अशी आहे की गावाचा अडीचशे वर्षांपूर्वीचा कागद दगडी इमारतीत, रुमालात, सरकारी देखरेखीखाली आहे, आणि चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीचा ग्रामपंचायतीचा ठराव कुठं आहे हे कुणी छातीठोक सांगू शकत नाही.

कुळकर्णी वतन १९५० च्या कायद्यानं संपलं, कारभार तलाठ्याकडं गेला. कुळकर्ण्याच्या घरचं दप्तर काही ठिकाणी सरकारजमा झालं, काही ठिकाणी माळ्यावर राहिलं, वाळवी लागली, वाडा पाडताना टेम्पोत गेलं. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव पायपीट करून कागद मिळवत फिरले ती गोष्ट आपण अभिमानानं सांगतो, पण ते १९२६ ला गेले, त्यांच्यानंतर घरोघरचे कागद गोळा करणारी माणसं नेहमीच हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी राहिली.

तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये जुने सात-बारा, फेरफार, जन्म-मृत्यूचा नमुना १४, म्हणजेच कोतवाल बुक, आणि भूमि अभिलेख कार्यालयात टिपण, आकारबंद, आकारफोड, गुणाकार बुक, फाळणीचे नकाशे, क.जा.प. म्हणजे कमी-जास्त पत्रक. गेल्या काही वर्षांत यातलं बरंच स्कॅन झालं, 'आपले अभिलेख' या सरकारी संकेतस्थळावर जुना फेरफार घरी बसून काढता येतो, हे फार मोठं काम झालंय आणि ज्यांनी केलं त्यांचं कौतुक व्हायला हवं. पण स्कॅन होण्याआधीच जे पान गेलं ते गेलं. एका कार्यालयात मी स्वतः अर्ज केला तेव्हा 'अभिलेख जीर्ण असल्याने नक्कल देता येत नाही' असा शिक्का मारलेला कागद हातात पडला, आणि तेच एक रजिस्टर होतं ज्यात सर्व्हे नंबर फुटल्याची नोंद होती. साखळीतली एक कडी निसटली की मागचं सगळं असून वाचता येत नाही, कारण जुना सर्व्हे नंबर, मग हिस्सा, मग शहर आल्यावर सिटी सर्व्हे नंबर, हे एकमेकांना जोडणारा कागद तोच असतो.

२०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली तेव्हा कोतवाल बुक हा शब्द घराघरात पोचला, मोडी वाचणाऱ्यांना अचानक बोलावणी आली, जिल्ह्याजिल्ह्यात रेकॉर्ड रूम उघडल्या. आरक्षणाच्या प्रश्नावर ज्याची त्याची भूमिका असेल, मी त्यात इथं शिरत नाही, पण दप्तराच्या दृष्टीनं ही मोठी घटना होती. अडचण एकच की सगळ्यांची नजर पानावरच्या एका शब्दावर होती. त्याच पानावर मृत्यूचं कारण लिहिलेलं असतं, देवी, पटकी, ताप. १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत एखाद्या गावात कुठल्या आळीत, कुठल्या महिन्यात, किती लहान मुलं गेली हे त्या नोंदी टिकलेल्या गावांत आजही मोजता येईल. रजिस्टर बाहेर काढलंच आहे, स्कॅन झालंच आहे, तर त्या पानांची गावनिहाय सूची करून अभ्यासाला खुली करायला हवी होती, ती संधी अजून गेलेली नाही.

आणि ग्रामपंचायत. १९८२ ला पिंपरी-चिंचवड महापालिका झाली आणि पवनेकाठची ही गावं शहराची उपनगरं बनली. पुण्याच्या हद्दीत २०१७ ला ११ आणि २०२१ ला २३ गावं आली, त्यात लोणीकंदला खेटून असलेली वाघोलीही. गाव महापालिकेत गेलं की ग्रामपंचायत संपते, दप्तर हस्तांतरित होतं, आणि नवीन कार्यालयाला त्यातली लागते ती कर आकारणीची नोंदवही, कारण घरपट्टी लावायची असते. बाकीचं, मासिक सभेचं इतिवृत्त, ग्रामसभेचे ठराव, पाणीपुरवठ्याची, रस्त्याची, स्मशानभूमीची, गायरानाची फाईल, कुणालाच तातडीनं नको असते. पण गावानं स्वतःबद्दल स्वतः लिहिलेलं तेवढंच आहे. बाकी सगळे कागद गावाबद्दल सरकारनं लिहिलेत, ठराव बुकात मात्र गावातली माणसं भांडलेली दिसतात, विहीर कुठं पाडायची, दिवाबत्ती आधी कुठल्या आळीत, जत्रेचा तमाशा ठेवायचा की पैसे शाळेला द्यायचे.

समजा आता कुणी मॅन आणि दिसकळकर यांच्यापुढं तिसरी पाहणी पिंपळे सौदागरची करायची ठरवली. त्याला सात-बारा पुरणार नाही, कारण बिगरशेती झालेल्या जमिनीचा इतिहास तिथं थांबतो. त्याला दुय्यम निबंधकाकडचे इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या दस्तांचे गोषवारे, लागतील, विकसन करारनामे, कुलमुखत्यारपत्रं, मिळकत पत्रिका, सोसायट्यांची अभिहस्तांतरणं. सात एकरवाल्या घराच्या पुढच्या पिढीनं जमीन कधी, किती भावानं, कुणाच्या सह्यांनी दिली, मोबदला पैशात घेतला की फ्लॅटमध्ये, बहिणींची हक्कसोडपत्रं कुठल्या वर्षी झाली, हे सगळं नोंदणीकृत आहे, वाचता येण्यासारखं आहे, आणि यात मोडीचीसुद्धा अडचण नाही. सह्या करणारी बरीच माणसं हयात आहेत, त्यांना विचारता येतं.

बाकी गावांसाठी, विशेषतः हद्दवाढीच्या रांगेत असलेल्या गावांसाठी, कामाचा क्रम मला असा वाटतो. आधी ठराव बुकं आणि इतिवृत्तं मोबाईलनं का होईना पण पान न पान, पाननंबर दिसेल असे फोटो काढून ठेवायची, ग्रामपंचायत अस्तित्वात आहे तोवर ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) आणि सरपंच यांच्या परवानगीनं हे सोपं आहे, नंतर माहिती अधिकारात अर्ज करत बसावं लागतं. मग शाळेचं जनरल रजिस्टर, कारण मराठी शाळा शंभर वर्षांच्या वर चाललेली गावं खूप आहेत आणि पटसंख्येअभावी शाळा बंद झाली तर ते रजिस्टर कुठं जातं ते बघायला कुणी नसतं. मग घरांमधले कागद, आणि इथं मूळ कागद मागायचाच नाही, घरमालकासमोर बसून फोटो घ्यायचा आणि कागद तिथंच ठेवायचा, कारण जमिनीचे वाद चालू असताना कुणी कागद हातचा सोडत नाही आणि सोडूही नये. तहसीलचं आणि भूमि अभिलेखचं त्यानंतर, कारण त्याला निदान सरकारी कपाट तरी आहे. पुराभिलेखागारातला रुमाल सगळ्यात शेवटी, तो कुठं पळून जात नाही. पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग घेतं, त्यातून शिकलेली मुलं तालुक्यातालुक्यात आहेत, गावानं त्यांना मानधन देऊन बोलवावं.